शिसे भरलेला माउस

माउस जड करावयाचा असेल तर प्रथम त्याचे स्क्रू शोधावे लागतात. ते वरून दिसत नाहीत. तळाला ज्या गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्याखाली ते दडलेले असतात. पट्टी नखाने ओढू नये. केस वाळवण्याच्या यंत्राची थोडी ऊब द्यावी, म्हणजे ती न फाटता सुटते आणि पुन्हा लावता येते. हे मला कोणी शिकवले नाही. पहिल्या खेपेस मी एक पट्टी फाडली, त्यातून कळले.

मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, तमिळमधून. घरी आम्ही मराठी बोलतो, जुन्या वळणाची. पुण्याहून आलेले पाहुणे ती ऐकताना हसू आवरतात. तंजावरकडच्या मेलकावेरीच्या घरात मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघेच राहतो. रेशमी साड्यांच्या काठापदराची नक्षी काढणे हा त्याचा व्यवसाय. पूर्वी तो चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढत असे; आता बरीच वर्षे संगणकाच्या पडद्यावर काढतो. रीत तीच आहे. पडद्यावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. जो चौकोन भरला, तेथे जरीचा धागा वर येतो. जो सोडला, तेथे तो खाली राहतो. त्यावरून मागासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडतात. एक चौकोन चुकला, तर नक्षी जितक्या वेळा फिरून येते तितक्या वेळा ती चूक काठावर उमटते, साडी संपेपर्यंत.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरू लागला. तंजावरच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि हे हळूहळू वाढत जाईल, असे शांतपणे सांगितले. आम्हीही शांतपणे ऐकले. परतताना गाडी सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनात बराच वेळ उभी राहिली. फलाटापलीकडे नुकतीच लावणी झालेली शेते होती. घरी दूध आहे का, असे भावाने विचारले. आहे, असे मी सांगितले. मला दुःख झाले असे लिहिले तर वाक्य बरे दिसेल, परंतु ते अचूक होणार नाही. दात काढण्यापूर्वी सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, तसे काहीसे झाले होते. आणि सुईचा अंमल उतरतो तसा तो उतरला नाही.

थोड्याच दिवसांनी मागांचे मालक घरी आले. विणकर त्यांना मुतलाळी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या वडिलांच्या काळापासून भाऊ त्यांचे काठ काढत आला आहे. कॉफी पिताना त्यांनी हाताचा विषय काढला नाही. संक्रांतीला लागणाऱ्या तै महिन्यातल्या लग्नांसाठी हंसांच्या ओळीचा काठ हवा आहे, एवढेच म्हणाले. आणि उठता उठता, जमण्यासारखे नसेल तर त्रास करून घेऊ नका, हल्ली तयार नक्षी जोडून देणारे पुष्कळ आहेत, असेही म्हणाले. भावाने काठ मीच काढीन म्हणून सांगितले. ते गेल्यावर तो पडद्यासमोर बसला आणि पहिल्याच हंसाच्या चोचीवर माउसचा बाण तीन घरे इकडेतिकडे उडत राहिला.

उपाय सुचला तो कॉफीमुळे. स्टीलच्या पेल्यातून त्याची कॉफी सांडे. एकदा स्टीलचे पेले धुवायचे राहिले होते, म्हणून मी आईच्या वेळचा जाड पितळेचा पेला दिला. त्यातून सांडली नाही. कारण सोपे आहे. वस्तू जितकी जड, तितकी ती हलवायला जोर अधिक लागतो. हाताची थरथर लहान आणि घाईची असते, तिच्यात तेवढा जोर नसतो. जाणूनबुजून केलेल्या हालचालीत असतो. वर्गात हे समजावताना मी रिकामी बादली आणि भरलेली बादली ढकलायला लावत असे. मुलींना ते लगेच पटे.

मासे धरण्याच्या जाळ्यांना लावायच्या शिशाच्या गोळ्या नदीकाठच्या दुकानात मिळतात. त्या गोळ्या मी हातोडीने चपट्या केल्या. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि ते स्वयंपाकघरात आणू नये, हे येथे सांगून ठेवते. प्रत्येक तुकड्याला वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे आतल्या तारांना धातू लागत नाही. तळाच्या भिंगावर आणि बटणांच्या खाली काही ठेवू नये. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे, नाहीतर वळताना माउस एका अंगावर ओढतो. हे सर्व करून मी तो टेबलावर सरकवून पाहिला. उत्तम सरकला.

भावाने हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिले. "अक्का, याला काय खायला घातलंस ग?"

पहिली ओळ चांगली झाली. बाण जवळजवळ स्थिर राहिला. ओळ संपली तशी त्याने माउस उचलला आणि डावीकडे आणून ठेवला. ठेवताना वजनाने बोट दबले आणि एक भलताच चौकोन भरला गेला. दुसऱ्या ओळीला तेच झाले. पेन्सिलीने काम शिकलेला माणूस ओळीच्या शेवटी हात उचलतो, कारण उचलला नाही तर कागद काळा होतो. माउसने कागद काळा होत नाही, परंतु त्याच्या हाताला ते कधी सांगावे लागले नव्हते. हलका माउस उचलण्यात काही बिघडत नव्हते. मी परीक्षा घेतली ती केवळ सरकवून.

"सरकताना शहाणा आहे," तो म्हणाला. "उचलताना नाही."

मग मी जेवायला बसण्याचा रुंद पाट टेबलावर ठेवला, त्याच्यावर एक गुळगुळीत फळी टाकली. आता माउसला सरकत परतायला पुरेशी जागा झाली, उचलण्याची गरज राहिली नाही आणि कोपरापासूनचा हातही टेकू लागला. सवय मात्र राहिली. मी मागे खुर्ची टाकून बसे आणि ओळ संपत आली की "उचलू नकोस" म्हणे. मी काय तुझ्या वर्गात आहे, असे तो विचारी. आहेस, असे मी म्हणे.

काठ पूर्ण झाला. मुतलाळींनी नमुन्याचा तुकडा विणून पाठवला. भावाने तो खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. सर्व हंस सारखे होते. त्याने तुकडा घडी करून कपाटात ठेवला आणि जेवायला वाढ म्हणाला. पुढच्या आठवड्यात मोराच्या पदराचे काम आले.

मोराला वेळ लागला. पंगुनीच्या, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या, उन्हापर्यंत मी तो माउस अनेकदा उघडला. दर वेळी भाऊ म्हणे, थोडे घाल. मी थोडे घाली. काही दिवस बरे जात, मग पुन्हा बाण उडू लागे. स्क्रू काढणे, तुकडा बसवणे, स्क्रू लावणे. माझे हात ते काम नीट करत आणि मी त्यांच्याकडे पाहत असे.

एका सकाळी उघडले तेव्हा आत जागा नव्हती. दोन्ही बाजू बटणांपर्यंत भरल्या होत्या. मी एक तुकडा काढून पुन्हा तेथेच बसवला आणि माउस बंद करून भावापुढे ठेवला. त्याने हात ठेवला. सरकवलासुद्धा नाही.

"काही घातलं नाहीस."

"जागा उरली नाही."

"मग तसं सांगायचं की."

वरून चिकटवता येईल, असे मी म्हटले. तळवा बसणार नाही, असे तो म्हणाला. ते खरे होते. त्याने उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्याने धरून ठेवला. पडद्यावर मोराची मान झाली होती, पिसारा व्हायचा होता. मग तो उठला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तू बस. मी सांगतो, तू भर."

नक्षीतले मला काही कळत नाही, असे मी सांगितले. कळायला नको, मोजता आले म्हणजे पुरे, असे तो म्हणाला. मी बसले. मी स्वतः भरलेला तो माउस माझ्या हाताला किती जड लागेल, याची मला कल्पना नव्हती. जुना, हलका आणू का, म्हणून विचारले.

"नको. तुला घाई असते. हा आवरेल तुला."

तो मागच्या खुर्चीत बसला आणि सांगू लागला. दोन सोड. एक भर. तीन सोड. मी भरत गेले. काय उमटत होते ते मला दिसत नव्हते, केवळ चौकोन दिसत होते. एके ठिकाणी तो थांबला.

"ते नाही, अक्का. त्याच्या खालचं."

मी पाहिले. खरोखरच एक घर वर गेले होते. मी ते पुसले आणि खालचे भरले.

"आता चार सोड," तो म्हणाला.