कॉम्प्युटरवरची नारायणपेठी

माझ्या डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल दोन', 'आता खरंच फायनल' अशा फायली जशा साचतात ना, तसेच आमच्या दिलसुखनगरच्या ऑफिसात किस्से साचतात. कुठलाच डिलीट करवत नाही!

आम्ही दुकानांच्या साड्या थ्रीडीत हुबेहूब बनवतो. मी प्रोबेशनवर. आमचे लीड श्रीनू सर म्हणाले, "सुलतान बाजारवाल्या शेठजींची नारायणपेठी तू कर. पास झाली तर तू पर्मनंट. साडी मनात भरली तरच शेठजी ती उलटून मागचे धागे बघतात. नाही तर नुसती बाजूला सारतात."

नापास झाली तर काय, हे विचारायची माझी हिंमतच झाली नाही!

* * *

पहिलं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरनं काढलेलं तयार चित्र, मी बरकतपुऱ्याला घरी आईला फोनवर दाखवलं. तिनं चष्मा लावला, नीट पाहिलं.

"छान आहे गं. रेनकोट कुणाचा?"

चमक जरा जास्त झाली होती.

* * *

चमक उतरवली, तर विणीचं माप चुकलं. एकेक धागा पोत्याच्या सुतळीएवढा! श्रीनू सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"अम्मा, ये साडी है या बोरा?"

मी अशी दचकले की कॉफी थेट कीबोर्डवर!

* * *

सुती कापडावर बारीक लव असते. तीही घातली, फक्त आकड्यात एक शून्य जास्त पडलं. शेजारची आफरीन किंचाळली, "अगे मां! साडी को मूंछां आ गए!"

अख्खं ऑफिस बघायला जमलं. सरांनी शांतपणे खिशातला कंगवा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

* * *

शेवटी सुलतान बाजार गाठला. एका अनोळखी दुकानात बसून फोनच्या कॅमेऱ्यानं धागा न् धागा तपासला, फोटो काढले. दुकानदाराला घाम फुटला. "मॅडम, माल एकदम असली है! आप कौनसे डिपार्टमेंट से आए?" लगेच चहा मागवला.

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला घाबरलं! त्या चहाच्या जोरावरच मला दिसलं : उभा धागा लाल, आडवा काळसर. म्हणून तर निरी हलली की रंग हलतो!

* * *

शेठजी आले. मी स्क्रीनवर साडी उघडली.

शेठजी नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले. काठावरून अंगठा फिरवला. मी सरांकडे बघितलं, सर छताकडे बघत होते.

मग शेठजी उठले. मला वाटलं, निघाले! पण ते टेबलाला वळसा घालून मॉनिटरच्या मागे गेले, चष्मा सावरला, खाली वाकले आणि वायरींमध्ये डोकं घालून म्हणाले,

"बेटा, धागे किधर हैं?"