पाणबुड्या आणि परसातला तलाव

सगळी वस्ती त्याला पाणबुड्या म्हणायची. तीस वर्षं पोहण्याचे तलाव बांधण्यात नि दुरुस्त करण्यात गेलेली, मग दुसरं काय म्हणणार? आता खरं सांगायचं तर या पाणबुड्याला पोहता येत नव्हतं. अजिबात नाही! तलाव कोरडा असला की गडी राजा. पाणी कमरेच्या वर गेलं की थेट काठावर. पाण्याखालची कामं त्याचा मेव्हणा गुपचूप उरकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जुन्या घरातल्या बाईंनी त्याला बोलावलं तेव्हा मेव्हण्याला परगावी जाऊन वर्ष झालं होतं. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. गुडघे इतके धरलेले की चहाचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत आणताना दोनदा भिंतीला हात लावायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज पोहा, नाहीतर चाकाच्या खुर्चीची तयारी ठेवा. आणि परसातल्या तलावाला तर यजमान गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, कुणी हात लावला नव्हता. हिरवंगार पाणी, बेडकांचं राज्य, तळाशी एक मोडकी छत्री.

"शनिवारी मुलगा मातीचा ट्रक घेऊन येतोय," बाई म्हणाल्या. "बुजवून टाकू म्हणतो. तोवर तलाव नीट झाला तरच वाचेल."

"हात्तिच्या! त्यात काय मोठं?" पाणबुड्या म्हणाला. बोलायला काय जातं!

पण गडी कामाला वाघ. बेडूक बादलीतून ओढ्यावर पोचवले, गाळ उपसला, एकेक फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजली ती काढून पुन्हा बसवली. बुधवारी तलाव भरला, भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची खूण केली. गुरुवारी सकाळी पाहतो तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली.

आली का पंचाईत! गळती शोधायची रीत तशी सोपी. शांत पाण्यात भिंतीजवळ शाईचे थेंब सोडायचे. शाई जिकडे ओढली जाईल तिकडे भोक. काठावर पोटावर पडून हात पोचेल तिथवर त्याने सगळं धुंडाळलं. काही नाही. उरली खोल बाजू. शुक्रवारी दुपारपर्यंत तो तिथे नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

"अहो, उतरताय कधी?" बाईंनी विचारलं.

"पाणी अजून गार आहे, बाई."

"दोन वाजलेत." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पस्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई ती! "पाणबुडे, तुम्हाला पोहता येत नाही."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. मान खाली गेली. बाई हसल्या नाहीत. "हे आपल्या दोघांत राहील," म्हणाल्या, आत गेल्या आणि पोहण्याचा जुना पोशाख घालून आल्या. "शाई द्या इकडे."

पायऱ्या उतरताना दोनदा कण्हल्या. छातीभर पाण्यात गेल्या मात्र, आणि घेतली की बुडी! पाणबुड्याचा जीव टांगणीला. तिसऱ्या बुडीनंतर वर आल्या त्या ओरडतच, "भिंतीतल्या दिव्याच्या कडेला! सगळी शाई गिळली मेल्याने!" मग पाण्याखाली घट्ट होणारी लांबी त्याने मळून दिली, आणि काठावरून तो सांगेल तशी बाईंनी फटीत दाबून बसवली.

शनिवारी पाणी खुणेला चिकटून होतं. ट्रकही आला. मुलगा म्हणाला, "काका, कमाल केलीत. पण आईला दोन पायऱ्या चढवत नाहीत, ती कसली पोहतेय? टाका माती."

बाईंनी तोंड उघडलं नि मिटलं. दिलेला शब्द आडवा आला होता. पाणबुड्याला ते दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. ट्रकवाला म्हणजे अख्ख्या वस्तीचा बातमीदार, तोही समोरच उभा.

"थांबा!" पाणबुड्या म्हणाला. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. काल तळाशी तुमची आई गेली. एकदा नाही, कितीदा! मी काठावर लटपटत उभा होतो."

ट्रकवाला पोट धरून हसला. मुलगा आईकडे बघतच राहिला. "आई, खरंच?"

"दाखवू?" बाई म्हणाल्या.

माती बागेच्या कोपऱ्यात पडली, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर बभ्रा झाला.

सोमवारी सकाळी पाणबुड्या उथळ बाजूला, कठडा दोन्ही हातांनी आवळून उभा. समोर बाई, गुडघे विसरून.

"पाणबुडे, कठडा सोडा."

"उद्या सोडतो, बाई."

"आज!"

एक हात सुटला. दुसरा बाईंनी एकेक बोट करून सोडवला.