पुकाऱ्याला ‘हाजिर’ कोण म्हणालं?

आमच्या ऑफिसच्या या पानावर मी दर महिन्याला भाडेकरार, वारस नोंद, शेताच्या धुऱ्या-बांधावरची भांडणं असलं काहीबाही लिहिते आणि शेवटी गावातल्या चार बातम्या देते. तरी वाचकांचा एक प्रश्न काही केल्या संपत नाही — “मॅडम, वकील लावला आहे, मग तारखेला आम्ही यायलाच पाहिजे का?” हा प्रश्न मला भाजीबाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे माझं तोंड उघडं असताना विचारला. उत्तर मी कायम एकच देत आले. दर तारखेला यायची गरज नाही, वकील आहे ना. या महिन्यातही तेच लिहायला बसले होते... पण राहवत नाही, म्हणून आधी हे सांगते.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरातून अंगारे-धुपारे, भूत-भानामती सगळं हद्दपार झालेलं. त्यात मी वकील. पुरावा दाखवा, नाहीतर पुढची तारीख घ्या. तेव्हा हे वाचून कोणी मला ताईत आणून देऊ नये.

आर्णीत बाजाराच्या तोंडाशी सलीमचाचांचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. जागा भाड्याची, पण चाचांचं अर्धं आयुष्य तिथेच गेलेलं. त्यांची मुलगी रुबिना, नवरा वारल्यापासून, त्यांच्या बरोबरीनं तिथे पाने फिरवते. जागामालकाच्या पुतण्याला तिथे कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. त्यानं एक दिवस सामान बाहेर फेकायला माणसं आणली, म्हणून आम्ही दावा केला आणि कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला. म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंत दुकानाला हात लावायचा नाही. सगळा जीव त्या हुकमात.

चाचांनी एक तारीख चुकवली नाही. आणि त्यांचा त्रास काय सांगू. कपड्यांना ऑइल लागलेलं म्हणून ते कोर्टहॉलच्या आत येत नसत, बाहेर व्हरांड्यात दाराजवळच्या खांबाला टेकून उभे राहत. शिपाई नामदेव दारात येऊन पुकारा करायचा, “शेख सलीम, हाजिर हो...” की मी उठायच्या आधीच बाहेरून खणखणीत आवाज — “हाजिर है, साब.” आत सगळे हसायचे. न्यायाधीश साहेबसुद्धा. मी किती वेळा समजावलं, चाचा, वकील उभा राहिला की पुरे, तुम्ही ओरडायची गरज नाही. ते म्हणायचे, “तुमी हाव बाई, तुमच्यावर भरोसा हाय. पण तुमच्या गाडीवर नाई. थो प्लग बदलून घ्या म्हनलं मांगच.” थो म्हणजे तो, माझ्या स्कूटीचा. असा हा माणूस. केस माझ्याकडे आणि तपासणी माझीच.

पावसाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. त्या तारखेच्या आदल्या दिवशी मी रुबिनाला फोन करून दम दिला की चाचांना अजिबात पाठवायचं नाही, मी आहे. मागून चाचांची कुरकुर ऐकू येत होती.

तारखेच्या दिवशी सकाळी मला दुसऱ्या एका पक्षकाराच्या सहीसाठी महागावला जावं लागलं. हे पक्षकार स्वतः कधी येत नाहीत, वकिलानं त्यांच्या दारी जायचं. सही घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत, दोन्हीकडे नुसती कपाशी, तिथे स्कूटी गचके खाऊन बंद पडली. किक मारून पाय दुखला. माझे पार्टनर राठोड सर यवतमाळला जिल्हा कोर्टात दुसऱ्या केसमध्ये उभे, तिथे त्यांचा फोन बंदच असतो. कोर्टात कळवावं तर मोबाइलला रेंज नाही. आणि डोक्यात एकच, पुकारा झाला आणि कोणीच बोललं नाही तर दावा गैरहजेरीत निकाली निघेल. दावा गेला की मनाई हुकूमही गेला. दावा अर्ज करून परत चालू करता येतो हो, पण जेसीबीनं पाडलेलं दुकान अर्जानं उभं राहत नाही. आणि जेसीबी तर पुतण्यानं आदल्या रात्रीच आणून बाजारात उभा केला होता.

शेवटी एका दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून आर्णी गाठली. धापा टाकत कोर्टाच्या पायऱ्या चढते तर समोर पुतण्याचे वकील, गावंडे. तोंड कडू कारल्यासारखं.

“कायले धावून राह्यल्या, मॅडम? तुमचा म्हातारा बोलला ना. हाजिर है साब, वकीलबाई आ रहे, गाडी का प्लग गया उनका. साहेब हसले, अन् मॅटर दुपारवर ठेवलं. दावा खारीज होईल म्हणून मी सकाळपासून बसून होतो.”

मला आधी जीवात जीव आला आणि लगेच संताप. इतकं सांगूनही हा माणूस आलाच. खांबाजवळ पाहिलं, चहाच्या टपरीवर पाहिलं, कडुलिंबाखाली पाहिलं. नाहीत. मग रुबिनाला फोन लावला आणि ती काही बोलायच्या आत सुरू झाले, तुला काय सांगितलं होतं, या अवस्थेत त्यांना काहून पाठवलंस, काही अक्कल आहे का.

ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मॅडम, अब्बा नाई राह्यले. फजरच्या नमाजले उठले अन् तिथंच... घरी मय्यत हाय. तुमाले सांगाचं राहून गेलं.”

मी व्हरांड्यातच बसले. त्या खांबाजवळ. लाज वाटली, रडू आलं, आणि मग हळूहळू कळायला लागलं की गावंडेंनी मला काय सांगितलं होतं.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. वकील म्हणून खरं सांगणं भाग होतं. मी उभी राहिले, म्हटलं, साहेब, वादी आज पहाटे वारले. साहेबांनी चष्मा काढला. “सकाळी तर हजर होते.” साहेबांनी नामदेवला विचारलं, तू पाहिलंस? तो म्हणाला, पाहिलं नाही साहेब, आयकलं. रोजच आयकतो, म्हणून पाहत नाही.

मग साहेब गावंडेंकडे वळले. वादीच्या नावानं कोणीतरी तोतया उभा केला, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. दावा गेला असता, दुकान गेलं असतं आणि माझी सनदही धोक्यात आली असती. त्यांचा पक्षकार मागून त्यांचा कोट ओढत होता.

गावंडेंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. “साहेब, दोन वर्षं मी तो आवाज आयकून राह्यलो. थो त्याचाच होता. दुसऱ्या कोणाचा होता असं मी नाई म्हनू शकत. बाकी मले काई विचारू नका.”

वारसांची नावं लावायला वेळ मिळाला. मनाई हुकूम तोवर कायम. संध्याकाळी मी मातीला गेले तेव्हा बाजारातून जेसीबी निघून गेलेला होता.

पुढे रुबिनानं स्कूटी आणवली आणि माझ्यासमोर उघडली. प्लग जळून काळा पडलेला. राठोड सर म्हणतात, ही सवय आहे, लोक जे रोज ऐकतात ते न बोलताही ऐकू येतं. बरं, मानलं. पण सवयीला माझा प्लग गेलेला कसा कळला? त्या रस्त्यावर मी कोणाला भेटले नव्हते, कोणाशी बोलले नव्हते, आणि प्लगच गेला आहे हे तर मलाही माहीत नव्हतं. कोणी नक्कल केली म्हणावी तर त्यालाही हे कुठून कळणार? मी उलटतपासणीत भल्याभल्यांना अडकवते, पण इथे माझीच जीभ अडकते. याचा खुलासा माझ्याकडे नाही. असेल कोणाकडे तर सांगा, फक्त ताईत नको.

पुढच्या तारखेला नामदेवनं पुकारा केला, आणि नाव घेऊन झाल्यावर तो थांबला. साहेब, गावंडे, मी, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. खांबाजवळ रुबिना उभी होती, ओढणीला ऑइल लागलेलं. आत आली नाही. तिथूनच म्हणाली, “हाजिर है, साब.” या वेळी कोणी हसलं नाही.

मला अजूनही चाचांचा राग येतो. एवढं सांगून, एवढं समजावून, शेवटपर्यंत हा माणूस माझ्या भरवशावर राहिला नाही, आणि शेवटानंतरही नाही. त्याहून जास्त राग याचा येतो की त्यांचंच बरोबर निघालं.

तर वाचकांच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मी आता बदलते आहे. वकील असला तरी तारखेला यावं का? यावं. जमेल तोवर जिवंतपणीच यावं.