वेस्ताचा अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढी एक गोष्ट वगळूनच बोलत आलो — जणू काही त्याला ती ठाऊकच नसेल! तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मध्ये बोलू नका. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू होईन, याची मला खात्री नाही.

आता मी मेहरूणला असतो. संध्याकाळी तळ्याकडे फिरायला निघालो की वाटेत चार माणसं हात जोडतात, 'नानामास्तर' म्हणतात. नोकरी संपली तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने भाषण केलं होतं — मास्तरांची छडी कडक, पण मन लोण्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला आणि त्यातली फुलं मोजत बसलो.

लोणी! माझा राग धरणगावच्या आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होता. लहानपणी मी भाकरी करपली म्हणून तवा अंगणात भिरकावला होता. आई म्हणायची, याच्या नाकावरच्या रागाला औषध नाही. औषध कुणी केलं नाहीच. उलट धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण झालं आणि सरकारने हातात छडी दिली.

पहिली नेमणूक शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. मोठी लढाई संपली होती, तापाची साथ येऊन माणसं घेऊन गेली होती, त्यानंतरचा तो काळ. भिल्लांच्या मुलांसाठी नवी शाळा निघाली होती. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, पुढे ओटा आणि ओट्याच्या कोपऱ्यात माझी चूल. वीस-बावीस मुलं तिथेच राहायची, तिथेच जेवायची. मी चोवीस वर्षांचा होतो. रानातली पोरं माणसांत आणायची, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं. हे शब्द माझेच. त्या पोरांच्या आया, बाप, आजे — ती सगळी मग कोण होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी त्यांचे केस कापले. धनुष्यबाण दाराबाहेर ठेवायला लावले. आणि तिसरा नियम — शाळेच्या हद्दीत त्यांची बोली बोलायची नाही. मराठी येत नसेल तर गप्प बसायचं. जो चुकेल त्याने उजवा हात पुढे करायचा. गंमत अशी, की दोन वर्षांत मला स्वतःला त्यांची बोली चांगली समजायला लागली होती. कान बंद थोडेच करता येतात? पण समजते हे मी कधी दाखवलं नाही.

दित्याला त्याचा बाप घेऊन आला. दितवारी, म्हणजे रविवारी, जन्मला म्हणून दित्या. नऊ-दहा वर्षांचा, डोळे सारखे इकडून तिकडे फिरणारे. बापाचं नाव वेस्ता. उंच, हाडकुळा माणूस. ओट्यावर बसायला सांगितलं तरी खालीच उकिडवा बसला. गावातल्या खानदेशी बोलीत मला म्हणाला,

"मास्तर, याले कागद वाचता येवाले पाहिजे. आमना अंगठा लोके कोठेबी लायी लेतस."

कसल्याशा कागदावर अंगठा देऊन त्याचं शेत गेलं होतं. कागदात काय होतं ते शेत गेल्यावर कळलं. म्हणून त्याला घरात एक वाचणारा माणूस हवा होता. बाकीच्या पोरांना पाटलाचा माणूस दटावून आणायचा. दित्याला बापाने आपणहून आणला. हे लक्षात ठेवा.

आणि पोरगा हुशार निघाला. वर्षभरात जोडाक्षरं वाचू लागला. वाचताना ओठ हलायचे, ती सवय मोडायला मी त्याला कितीदा मारलं — मोडली नाही.

आता ते सांगतो. फिरत फिरत जवळ आलोच आहे.

डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. वर्षातून एकदा यायचे. दोन दिवस आधी मी पोरांची तालीम घेत होतो. सकाळपासून अंगात आग भरली होती. पाढे चुकत होते, कविता चुकत होती, छडी मोडली. मी ओट्यावर चुलीपाशी बसून खिचडी शिजवत होतो आणि तिथूनच एकेकाला विचारत होतो. चिमटा निखाऱ्यात तसाच राहिला होता. सगळ्यात धाकट्या पोराला मी बेरीज विचारली. त्याला प्रश्नच कळला नाही. तो रडायला लागला. शेजारी बसलेल्या दित्याने त्याच्या कानाशी लागून त्यांच्या बोलीत सांगितलं — तुझ्याकडे चार बोरं आहेत, मी अजून तीन दिली, आता किती? धाकटा डोळे पुसून म्हणाला, "सात."

बरोबर होतं ना उत्तर? सात बरोबरच होतं. मला ऐकू आली ती फक्त बोली.

"दित्या, हात पुढे कर."

त्याला वाटलं, छडी. नेहमीसारखा उठून आला, चुलीसमोर उभा राहिला, उजवा तळहात वर करून पुढे धरला. मीच शिकवलं होतं तसं, बोटं ताठ. मी निखाऱ्यातला चिमटा उचलला आणि त्याच्या तळहातावर दाबला. तो हात मागे घ्यायला लागला तेव्हा मी मनगट धरलं आणि मनगटावरही ठेवला.

किती वेळ? सांगता येत नाही. कातडी चिमट्याला चिकटली, ती मी ओढून सोडवली. वास आला. दित्या आधी ओरडलाच नाही, नुसतं तोंड उघडलं. मग आवाज आला, आणि त्या आवाजाने धाकटा पोरगा बसल्या जागी मुतला. मी चिमटा पाण्याच्या बादलीत बुडवला. आणि — ऐका — मी म्हणालो, "पुढचं म्हणा." पोरांनी पुढचं म्हटलं. मी खिचडी उतरवली आणि जेवलोसुद्धा.

औषध मी लावलं नाही. मोठ्या पोरांनी कसला तरी पाला वाटून बांधला.

हात चाललाच असेल चुकून, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. चिमटा उचलणं, दाबणं, मनगट धरणं — ही तीन कामं आहेत. प्रत्येकाच्या मध्ये थांबायला जागा होती.

डिपोटी आले. भला माणूस, देशावरचा, पुस्तकं वाचणारा. दित्याला मी मागच्या रांगेत भिंतीकडे बसवलं होतं. पण पाटीवर लिहायला सांगितलं तेव्हा हा डाव्या हाताने वाकडंतिकडं ओढतोय, हे त्यांनी पाहिलं. पाला सोडवायला लावला. पू झाला होता, दोन बोटं आत वळली होती.

"हे काय, मास्तर?"

आता इथे त्या लोकांची एक चाल सांगायला हवी. भिल्लांत मुलाच्या हातावर डाम देतात. जळत्या काडीने, बारीक, डाव्या हातावर. डाम नसलेल्याला मेल्यावर देवाघरी थारा नाही, असं मानतात. मोठ्या पोरांच्या हातांवर ते ठिपके होते. दित्याला अजून दिलेले नव्हते.

"साहेब, यांच्यात डाम देतात," मी म्हणालो. "परवा घरी गेला होता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. विचार करून खोटं बोललो असतो तर निदान अडखळलो तरी असतो. साहेबांनी मान हलवली. या चालीविषयी त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, खरंच. हा रानटीपणा बंद झाला पाहिजे, म्हणाले, बापाला बोलवा, लेखी घ्या.

पाटलाच्या माणसाने वेस्ताला दुसऱ्याच्या शेतातून धरून आणलं, मागोमाग पाटीलही आला. पोराचा हात त्याने आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला. माणूस हबकला की घरच्या बोलीतच बोलतो. तो बोलला ते मला शब्दन् शब्द समजलं — हा आमचा डाम नाही, आमचा डाव्या हाताला असतो, एवढासा असतो, माझ्या पोराला हे कुणी केलं?

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली म्हणतोय. पुन्हा करणार नाही."

पाटील माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही ती बोली येत होती.

मग मी कागद लिहिला. माझ्या वळणदार अक्षरात — वेस्ता, जात भिल्ल, कबूल करतो की मी आपल्या मुलाचा हात भाजला. पाटलाने वेस्ताची मान धरली आणि अंगठ्याला शाई फासली. वेस्ताने अंगठा मुठीत मिटून घेतला. तो पोराकडे वळला आणि त्याला विचारलं — काय लिहिलंय?

एवढ्याचसाठी त्याने पोराला शाळेत घातलं होतं.

दित्या कागदापाशी आला. ओठ हलवत वाचायला लागला. पहिली ओळ, दुसरी ओळ. एका जागी ओठ थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली, त्यांच्या बोलीत. पहिलाच शब्द असेल.

मी हळू आवाजात म्हणालो, "दित्या, शाळेत मराठी."

त्याची नजर चुलीकडे गेली. त्याने तोंड मिटलं. साहेबांना मराठीत सांगता आलं नसतं का त्याला? आलं असतं. पण विचारल्याशिवाय मोठ्यांशी बोलायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं. आणि साहेबांनी त्याला विचारलं नाही.

वेस्ता थांबला होता. पोरगा काही म्हणत नाही म्हणजे कागदात वाईट काही नाही, असं त्याला वाटलं असणार. त्याने मूठ उघडली आणि अंगठा लावला.

साहेबांचा टांगा दिसेनासा झाल्यावर पाटील म्हणाला, "यास्ले धाक बसाले पाहिजे. बठ्ठा पोरेस्ले आठे उभा करा, मास्तर." वेस्ताला मार पडताना सगळ्या पोरांनी बघावं, असा त्याचा बेत होता. आणि मग, सहज बोलल्यासारखं, "तुमले तं त्यासनं बोलनं चांगलं समजस." एवढंच. त्यानंतर मी पाटलाला कशाला नाही म्हणणार?

वेस्ताला निंबाला बांधलं. निरगुडीचे ओले फोक आणले होते. पाटलाची दोन माणसं आळीपाळीने मारत होती. पाठीवर आधी पांढरे वळ उठले, मग लाल, मग वळ वेगळे दिसेनात. एक फोक मोडला तेव्हा त्याचा तुकडा खांद्यात रुतून राहिला. मी पोरांची रांग लावून दिली होती. दित्याने मान खाली घातली. पाटील बघत होता, म्हणून मी दित्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि शेवटपर्यंत धरून ठेवलं. तो रडत नव्हता. वेस्ता झाडाला गाल लावून पोराकडेच बघत होता. रागाने नाही. वाचता येतं तुला, मग सांगितलं का नाहीस — एवढंच त्या नजरेत होतं. त्याचं उत्तर मला माहीत होतं, दित्याला माहीत होतं.

सोडल्यावर वेस्ता थोडा वेळ जमिनीवर पडून राहिला. मग उठला, दित्याचा डावा हात धरला आणि डोंगराकडे चालायला लागला. पाटी दित्याने ओट्यावरच ठेवली होती. पुन्हा ते दोघे आले नाहीत. मी चौकशी केली नाही.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, मास्तर तळमळीचे आहेत. पुढच्या वर्षी मला घराजवळ बदली मिळाली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नरडाण्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवणारी भिल्ल माणसं होती. मुकादम कागद आणि शाईची डबी घेऊन आला. ती सगळी एका माणसाभोवती गोळा झाली. त्याने कागद घेतला — डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात वळलेली. ओठ हलवत वाचला आणि मग मोठ्याने, त्यांच्या बोलीत, ओळ न् ओळ सगळ्यांना सांगितली. त्यांनी माना हलवल्या. एकानेही अंगठा दिला नाही. मुकादम शिव्या देत गेला.

माझ्याच हाताखाली शिकला, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. तोही सांगून टाकतो, कारण तो आला होता. मी उपरणं तोंडावर ओढलं आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो. दहा पावलांचं अंतर होतं. वेस्ता जिवंत आहे का, खरं काय ते त्याला कधी कळलं का — एवढं तरी विचारता आलं असतं. गाडी आली, मी चढलो.

आता स्वराज्य येणार म्हणतात. जुने कागद जाळतील किंवा वाळवी खाईल. वेस्ताचा तो कागदही त्यात जाईल. तेव्हा त्या कागदावर जे लिहायला हवं होतं ते इथे लिहितो. वेस्ताने आपल्या मुलाचा हात भाजला नाही. मी भाजला. मुलगा धाकट्याला बेरीज समजावून सांगत होता, आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. वेस्ताने कागदात काय आहे ते विचारलं होतं. मुलाला ते वाचता आलं होतं. तो सांगणार होता, मी सांगू दिलं नाही.