अंगठाभर समुद्र

माझा मामा शिंपी आहे. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे तो ओठ न उघडता नाकातूनच बोलतो. "हं. हात वर. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, शर्टाला तुमचं खरं पोट कळू दे." कंबर वाढली असेल तर वाढली म्हणतो. गिऱ्हाईक रुसलं तरी पट्टी ढिली सोडत नाही.

ताईचे, म्हणजे त्याच्या मुलीचे दिवस भरत आले होते. ती जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. आई जवळ हवी म्हणून रोज फोन. पण मामी लहानपणी बुडता बुडता वाचलेली. तेव्हापासून ती बादलीशीसुद्धा जपून वागते. त्यात तिकीटवाल्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून रस्ता दाखवला. सगळा निळाच. मामी घरी आली आणि बॅगेतले कपडे परत कपाटात.

"बाळ चालायला लागलं की येईल इकडे," ती भेंडी चिरत म्हणाली.

मामाने माळ्यावरून ताईचा शाळेतला पृथ्वीगोल काढला, धूळ फुंकली आणि मला धरायला दिला. दोन शहरांच्या मधे, त्या निळ्यावरूनच, दोरा टाकला.

"हा तुझा नकाशातला रस्ता," तो मामीला म्हणाला. "आता बघ." त्याने दोरा ताणला. दोरा आपसूक वर सरकला, बर्फाच्या पांढऱ्या प्रदेशावर जाऊन बसला आणि बोटभर दोरा हातात उरला.

"हा जवळचा रस्ता. गोल अंगावरचं कापड इस्त्रीने सपाट केलं की मापं बिघडतात, तसा तो नकाशा."

"विमानाला कळतं का हे?" मामीने विचारलं.

"विमानवाले काय कापड वाया घालवतील?"

मामी वाकली, दोऱ्यावरून नजर फिरवली. एका जागी मामाचा अंगठा घट्ट दाबलेला. "पाणी कुठेच नाही?"

"हं," मामा नाकातून म्हणाला.

मामी विमानाने ताईकडे गेली.

फोन आला तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाची छाती मापणं चालू होतं. "मुलगी झाली. नाक तुमचं आहे, बिचारीचं," मामी म्हणाली. "आणि अंगठ्याखालचं पाणीही पाहिलं हो, एक डोळा उघडून."

मामाने टाचण्या तोंडातून काढल्या. "तुला कळलं होतं?"

"तेव्हाच. माप घेताना तुमचा अंगठा कडेला असतो, मधे नाही."

"मग गेलीस कशी?"

"जन्मात कुणाची कंबर सूतभर झाकली नाहीत. त्या माणसाने समुद्र झाकला. म्हटलं, आता नाही गेले तर हा माणूस मनातल्या मनात झुरेल."

मामाने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. गिऱ्हाईक अजून हात वर करून उभंच होतं.

"हं. श्वास सोडा," मामा म्हणाला, आणि आधी स्वतःच सोडला.