टाके घातल्यानंतरचे किस्से

आम्ही जुने डॉक्टर गप्पांना बसलो की यशाच्या गोष्टी चहा यायच्या आत संपतात. फजितीचे किस्से मात्र संपत नाहीत. माझ्याकडे त्यांचा साठा जरा जास्तच आहे!

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी वाशीमच्या एका छोट्या दवाखान्यात होतो. पोट उघडायला मी शिकलो होतो, पण टाके घातले की माझी खरी घाबरगुंडी सुरू व्हायची. ताप, पू, पोटफुगी, न्यूमोनिया... पेशंट शांत झोपायचा आणि मी त्याच्या खाटेभोवती फेऱ्या मारायचो.

* * *

किन्हीराजाच्या एका अपेंडिक्सवाल्याला सकाळी थर्मामीटरनं सणसणीत ताप दाखवला. जखमेत पू झाला असणार! मी घाईघाईनं पट्टी सोडली. जखम स्वच्छ! पाठ तपासली, छाती तपासली, घाम फुटला तो मलाच.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, थंड तोंडात ते काचंचं ठेवाले बरं नाई वाटलं. म्हणून आधी गरम चहा घेतला!"

* * *

इंझोरीच्या हर्नियाच्या पेशंटला मी बजावलं, "खोकला आला की टाक्यांवर हात दाबून धरायचा. नाहीतर टाके तुटतील!"

त्यानं ते साऱ्या वॉर्डाला शिकवलं. पुढे मलाच सर्दी झाली. राउंडवर मी खोकलो की सगळे पेशंट पटकन आपापलं पोट धरायचे. त्यातल्या एकाचा तर फक्त पाय मोडला होता!

* * *

तेव्हा पोटाच्या पेशंटनं खाटेवरून हलायचं नाही, असा कडक नियम होता. शेलूबाजारचा एक गडी सकाळी खाटेवरून गायब! आवारात लिंबाखाली त्याच्या घरची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, सोडली होती, तिथे तो बैलांना चारा टाकत होता.

मी ओरडलो, "अरे, टाके!"

"टाके पोटाले हायेत साहेब, पायाले नाई!"

मी त्याला खूप झापलं. आता नवी पुस्तकं म्हणतात, पेशंटला लवकर चालवा.

* * *

एका तरण्या सुनेचं अपेंडिक्स मी काढलं. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, अशी तेव्हाची पद्धत. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ कोरडे पडले. मी विचारलं, "वारा सरला का?" पदराआडून मान हलली, नाही. सिस्टरनं विचारलं, तेच उत्तर.

दाराबाहेर सासरे पाठ करून बसलेले. गडी धिप्पाड, पण सारखा मोठमोठ्यानं खोकायचा. मला वैताग आला. मी त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आणि खोलीत परतलो.

तिसऱ्या दिवशीही मान हललीच. आधीच्या वर्षी असंच पोट फुगून एक बाई माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. या पोरीचं पोट मला फुगलेलंच दिसायला लागलं. स्टेथोस्कोप लावला, तर माझ्या छातीच्या धडधडीपुढे काही ऐकू येईना. मी फार घाबरलो होतो.

बाहेर येऊन मी सासऱ्यांना सांगितलं, "पोट पुन्हा उघडावं लागेल. जिवाचा भरवसा देत नाही."

ते ताडकन उठले. मला ओढून लांब कोपऱ्यात नेलं आणि बुचापर्यंत भरलेली औषधाची बाटली माझ्या हातात ठेवली.

"पोट नोका फाडू, डाक्टरसाहेब! माह्यासमोर पोरगी कशी सांगन? कालपासून तिची लाज झाकून राह्यलो मी. मले खोकला नव्हताच!"