सही करायची नाही त्यांनी बाहेर बसावं

त्या दिवशी सकाळी दार वाजलं तेव्हा मला वाटलं दूधवाला असेल. उघडलं तर समोर दादा. माझा सख्खा भाऊ, माझ्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा… पण माझ्या दारात त्याला असं उभं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. म्हणाला, "वकिलीणबाई गेल्या. पहाटे, झोपेतच. त्यांच्या भाचीनं तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून मला केला." आणि पुढे म्हणाला, "तारनाक्याला जायचं ना? मी चप्पल घालून येतो." खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण माझं मन भलतीकडेच अडकलं… दादा येतोय? वसुधाकडे?

याचं मला नवल का वाटलं ते कळायला वसुधा कोण होती हे आधी सांगायला हवं. वसुधा वकील होती, पण कोर्टात फारशी उभी राहिली नाही. घरांचे कागद एवढंच तिचं काम. कुणी घर घेतंय, कुणी विकतंय, कुणाचे वडील गेले आणि घर मुलांच्या नावावर करायचंय, अशी माणसं तिच्याकडे यायची. ती मागचे सगळे कागद वाचायची, घरावर कुणाचं कर्ज आहे का ते काढायची, खरेदीखत लिहायची आणि पक्षकारांना घेऊन रजिस्ट्री ऑफिसात सही-अंगठ्याला जायची. तारनाक्याला तिचं स्वतःचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत ऑफिस, त्यापुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. तेलुगू बायका तिला लायरम्मा म्हणायच्या, आपले मराठी लोक वकिलीणबाई. लग्न केलं नव्हतं. बोलणं अस्सल हैदराबादी, मराठीत "हौ" आणि "नक्को" असं सहज मिसळलेलं.

तिची एक पद्धत होती आणि तिच्यामुळे निम्मे पुरुष तिच्यावर खार खाऊन असत. कागदावर बाईची सही असेल तर त्या बाईला घेऊन ती स्वयंपाकघरात जायची, आणि बाकीच्यांना सांगायची, "सही करायची नाही त्यांनी बाहेर बसावं. आणि ज्यांना करायची आहे त्यांनीही सध्या बाहेरच बसावं." सगळे व्हरांड्यातल्या लांब बाकावर. नवरे, भाऊ, दीर, एकदा तर एक रिटायर्ड जज्जसुद्धा! आत ती त्या बाईच्या हातात काहीतरी काम द्यायची, अंबाडी निवडायला नाहीतर शेंगा सोलायला, आणि विचारायची, "आता सांगा, आज आपण काय करतोय?" वाचून दाखवायची नाही. बाईनं आपल्या तोंडानं सांगायचं. पुण्याहून आलेलं एक कॉम्प्युटरवालं जोडपं मला आठवतं, कुकटपल्लीला फ्लॅट घेत होतं. नवरा बाहेर येरझारा घालून वैतागला, दारातून ओरडला, "मॅडम, माझ्या बायकोला काय शिकवताय तुम्ही?" वसुधा आतूनच म्हणाली, "शिकवत नाही. घर आवडलं का ते विचारते. तुम्ही विचारलं होतंत?" आणि ती पोरगी भाजी निवडता निवडता म्हणाली, "नाही आवडलं. स्वयंपाकघराला खिडकीच नाहीये हो." झालं! तो सौदा तिथंच मोडला. वसुधाची फी बुडाली, आणि ती मात्र दिवसभर खुशीत.

मी तिला विचारलं होतं एकदा, की बाई गं, तुझ्या स्वतःच्या बाबतीत असं काही झालं होतं का? भावांनी फसवलं वगैरे? ती चिडलीच. म्हणाली, "लोकांना माझ्या घरात काहीतरी जळलेलं सापडायलाच हवं असतं. अगं, बाई सही करते आणि तिला माहीत नसतं कशावर. एवढं कारण पुरे नाही का?"

तर तिची नि माझी ओळख झाली ती माझ्याच सहीवरून. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. पेपरात उदारीकरण उदारीकरण असं रोज यायचं, आम्हाला काय कळत होतं त्यातलं! पण हैदराबादेत जिकडे तिकडे बैठी घरं पाडून इमारती उठू लागल्या होत्या हे दिसत होतं. बँका घरासाठी कर्ज द्यायला लागल्या, बिल्डर दारोदार फिरायला लागले. काचीगुड्याला आमच्या वडिलांचं छोटंसं घर होतं, मागे अंगण, अंगणात सीताफळ. आईवडील दोघंही गेलेले, मृत्युपत्र काही नाही. दादा तिथं राहायचा. बिल्डर म्हणाला, घर द्या, त्या जागी इमारत बांधतो, तुम्हाला चार फ्लॅट. दादाला आनंद झाला. बिल्डरनं विचारलं, बहीण आहे का? मग बहिणीचं हक्कसोडपत्र लागेल.

आपल्यात हे कसं चालतं तुम्हाला ठाऊक आहे. बहिणीला बोलावतात, तिची सही घेतात आणि साडीचोळी करतात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, शपथेवर सांगते. दादानं वसुधाकडे जायचं ठरवलं ते का, तर "आपली मराठी बाई आहे, पटकन करून देईल." वहिनीनं माझ्यासाठी नारायणपेठी घेतली होती, आमसुली रंगाची, जरीच्या काठाची. पिशवी हातातच होती. वसुधानं व्हरांड्यात पिशवी पाहिली आणि विचारलं, "साडी का? ती रिक्षात ठेवा. साडी सहीच्या आधी माझ्या घरात येत नाही." वहिनीचा चेहरा उतरला. मग मला घेऊन ती आत गेली.

अंबाडीची जुडी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "कमलताई, घर कुणाचं?"

"बाबांचं."

"बाबा गेले. आता कुणाचं?"

"दादाचं," मी म्हटलं.

"आणि?"

मला वाटलं, वहिनीचं म्हणायला हवं होतं की काय. मी म्हटलं, "दादा-वहिनीचं." ती हसली नाही. पानं निवडता निवडता सावकाश सांगत गेली. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर, मागे एक मुलगा आणि एक मुलगी, म्हणजे अर्धं माझं. आज नाही, बाबा गेले त्या दिवसापासूनच. "तुम्ही ते भावाला देऊ शकता. आनंदानं द्या, मी सुंदर कागद करून देते. पण आधी तुमचं आहे हे कळू दे, मग द्या." मग तिनं विचारलं, "तुम्ही राहता कुठं?" मी म्हटलं, "रेल्वेच्या क्वार्टरमध्ये." "यजमान रिटायर झाल्यावर?"

आमचं कुठंच काही नव्हतं हो. मुलांच्या शिक्षणात सगळं गेलं होतं, आणि ह्यांच्या निवृत्तीला फार अवकाश राहिला नव्हता. त्याचा विचार रोज रात्री यायचा आणि मी कूस बदलायची. पण त्या विचाराचा आणि काचीगुड्याच्या घराचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. वसुधानं मला आठवड्यानं यायला सांगितलं. बाहेर येऊन दादाला म्हणाली, "आज सही नाही." दादा भडकला, "बाई, आम्ही कागद करायला आलोय, घर फोडायला नाही!" ती म्हणाली, "कागद मीच करीन. पण त्या सांगतील तसा."

ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "माझं नाव यात नको. जावयानं कान भरले म्हणतील. तुझं तू ठरव." आयुष्यात पहिल्यांदा मी माझं मी ठरवलं. आठवड्यानं जाऊन सांगितलं, मला एक फ्लॅट हवा. वसुधा म्हणाली, "दोन तुमचे आहेत." मी म्हटलं, "एक पुरे. दुसरा माझ्याकडून दादाला." "नक्की?" "नक्की." तिनं पुन्हा विचारलं नाही, तसाच कागद केला. रजिस्ट्री ऑफिसात दादानं खाली मान घालून सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. साडी वहिनीच्या कपाटातच राहिली.

इमारत झाली. हे रिटायर झाले, आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला आलो, दादा तिसऱ्यावर. आणि जिन्यात समोरासमोर आलो तरी तो भिंतीकडे बघून जायचा. माहेरच्या जागेवर माझं घर होतं, आणि माहेर मात्र… त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी ताट करून बसले होते. त्याची पावलं मला ओळखू येतात. वरून खाली आली, माझ्या दारावरून गेली, आणि खाली उतरून गेली. संध्याकाळी वसुधा फराळाचा डबा घेऊन आली. एव्हाना आमची चांगली मैत्री झाली होती, तिच्या कागदांवर साक्षीदार म्हणून मीच सही करायची. मी तिला तोडून बोलले. म्हटलं, "तू मला घर दिलंस आणि भाऊ नेलास."

ती डबा हातात धरूनच उभी होती. म्हणाली, "असं होणार हे मला ठाऊक होतं, कमल. बहुतेक घरांत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथं सही करून मोकळी झाली असतीस. आणि राहिली असतीस कुठं?"

"ते मी ठरवलं असतं ना?"

तिनं हातातल्या डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. मग म्हणाली, "हौ. ते तू ठरवायचं होतंस." डबा ठेवला आणि गेली. मी अडवलं नाही.

त्यानंतर तिनं पद्धत बदलली. हे फार लोकांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. त्यानंतर ती प्रत्येक बहिणीला सगळं सांगून झाल्यावर शेवटी सांगायची, "भाऊ बोलणं टाकेल. कदाचित कायमचं. तेही धरून ठरवा." ते ऐकून काही जणी हक्क सोडायच्या. मलकपेटच्या एका विधवा बाईनं असाच सोडला. तिला खरी गरज होती, आम्हा दोघींना दिसत होतं. वसुधानं एका शब्दानं तिला अडवलं नाही, कागद केला, रजिस्ट्री ऑफिसात तिच्या अंगठ्याची शाई खोबरेल लावून आपल्या हातानं पुसली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही. "तिनं ठरवलं," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "तिनं ठरवलं ना…" मला आजही सांगता येणार नाही, की तिची आधीची रीत बरी की नंतरची. माझ्यापुरतं म्हणाल तर, तिनं सांगितलं असतं तर मी सहीच केली असती, आणि ह्यांची शेवटची वर्षं कुणाच्या तरी माडीवर भाड्यानं गेली असती. हे स्वतःच्या घरात, खिडकीपाशी बसून गेले. ते तिचंच देणं. आणि तरीही भाऊबीज आली की मला तिचा राग यायचा, आणि राग आला की तिच्याकडेच जाऊन बसावंसं वाटायचं.

पुढे वहिनी आजारी पडली तेव्हा मी वर डबा नेऊ लागले. वहिनी गेली. तेव्हापासून दादा कामापुरतं बोलायचा, जिन्यात "बरं आहे ना" इतपत. वसुधाचं नाव मात्र त्यानं कधी काढलं नाही.

त्या सकाळी आम्ही तारनाक्याला पोचलो तर अंगण बायकांनी भरलेलं. तिच्या कागदांवर कधीतरी सही केलेल्या बायका, मी बऱ्याच जणींना ओळखलंही नाही. दादाला भाची आत बोलवत होती. तो म्हणाला, "नको, मी इथंच बरा आहे," आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला, सगळं आटोपेपर्यंत. परतताना रिक्षात रस्त्याकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी आत काय चाललं होतं गं?"

"कोणत्या दिवशी?"

"कागदाच्या. तू आत, आम्ही बाहेर. तुझी वहिनी म्हणत होती, तुला पढवतायत म्हणून."

मी म्हटलं, "पढवलं नाही रे. विचारलं, घर कुणाचं."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, दादाचं."

तो माझ्याकडे वळला. "असं म्हणालीस?"

"हो. दोनदा."

रिक्षा काचीगुड्याला पोचली, भाडं त्यानंच दिलं. जिन्यात माझ्या मजल्यावर थांबला. मला वाटलं, दम लागला असेल, वय झालंय. मी कुलूप काढलं तर माझ्या मागोमाग आत आला. हॉलमधल्या खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात मी म्हटलं, "तिथं एकटा काय बसतोस, आत ये." आणि तो स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला, मी चहा टाकला.

याला आता महिना होत आला. संध्याकाळी तो खाली येतो, हॉलमध्ये थांबत नाही, सरळ आत येतो. परवा चहा पिता पिता म्हणाला, "तुझ्या वकिलीणबाईनं एकदा मलाही आत बोलवायला हवं होतं गं. मला कुणी काही विचारलंच नाही." मी गॅस पुसत राहिले. हे ऐकून पहिल्यांदा मनात आलं, की वसुधाला सांगायला हवं. उद्याच जाऊन सांगते… आणि मग आठवलं. तिनं यावर काय उत्तर दिलं असतं, ते मला अजून सुचत नाही.